गाडीतला व्हीएचएफ सेट: दर पावसाळ्यात ‘ऐकू येते, पण आपला आवाज पोचत नाही’

गाडीत बसवलेल्या दोन मीटर बँडच्या (सुमारे १४५ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ) सेटबद्दल हौशी रेडिओचालकांकडून मला जी तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळते, ती अशी आहे. उन्हाळाभर रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल झेलून उंचावरून पुन्हा पाठवणारे केंद्र, उत्तम लागतो. जुलै उजाडला की त्याच घाटात, त्याच वळणावर समोरच्याचे सगळे स्वच्छ ऐकू येते, पण आपले बोलणे तुटक पोचते किंवा पोचतच नाही. ऑक्टोबरचे ऊन पडले की सेट आपोआप सुधारतो आणि पुढच्या जुलैत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ताम्हिणी घाटात माझ्या स्वतःच्या जीपमध्ये मी हा प्रकार सलग तीन पावसाळे सोसला आहे. पहिल्या वर्षी सेट दुरुस्तीला दिला आणि ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह तो परत आला. दुसऱ्या वर्षी अँटेना बदलली. खरे कारण सापडले ते तिसऱ्या वर्षी, आणि ते सेटमध्येही नव्हते, अँटेनेच्या दांडीतही नव्हते.

म्हणून पहिली विनंती अशी की या तक्रारीवर उपाय म्हणून नवा सेट विकत घेऊ नये. आजवर माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बहुतेक गाड्यांत दोष दोन तारांपैकी एकीत निघाला: बॅटरीपासून सेटपर्यंतची वीजतार, नाहीतर सेटपासून अँटेनेपर्यंतची कोॲक्स केबल (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी असलेली). नव्याने सेट बसवणाऱ्यानेही निवडीचा क्रम याच अनुभवावरून ठरवावा. आधी अँटेनेची जागा, मग अँटेना, मग केबल, मग वीजजोडणी, आणि सेट सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. सेट महिनाभर अभ्यास करून घेतला जातो आणि अँटेना दुकानदार जी देईल ती.

हत्यारे बाहेर काढण्याआधी

दोष कोणत्या बाजूला आहे, हे गाडीत बसूनच बरेचसे ठरवता येते. कोॲक्स किंवा अँटेना बिघडली असेल, तर तूट बोलताना आणि ऐकताना सारखीच होते. रिपीटर उंचावरून येतो आणि त्याचा सिग्नल गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. शिवाय एफएममध्ये सिग्नल ठरावीक पातळीच्या वर आहे तोवर आवाज स्वच्छच राहतो. म्हणून ऐकण्यातली तूट आपल्या लक्षात येत नाही. ती ओळखायची असेल, तर रिपीटर सोडून एखाद्या दूरच्या, क्षीण स्टेशनकडे कान द्यावा. पूर्वी पुसट का होईना ऐकू येणारे ते स्टेशन आता अजिबात येत नसेल, तर संशय केबल-अँटेनेवर घ्यावा. ते पूर्वीइतकेच येत असेल आणि फक्त आपलेच पोचत नसेल, तर वीजजोडणी, माइक किंवा सेटिंग तपासावे. सेटिंगमध्ये रिपीटर उघडणारा टोन आणि बोलण्याच्या व ऐकण्याच्या वारंवारतांमधले ६०० किलोहर्ट्झचे अंतर या दोनच गोष्टी पाहायच्या असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर चुकून बटण दाबले जाऊन टोन बंद झाल्याची दोन उदाहरणे मी पाहिली आहेत, त्यामुळे हे अर्ध्या मिनिटाचे काम आधी उरकून टाकावे.

एसडब्ल्यूआर चांगला दिसतो, तरीही

आता माझ्या जीपचे सांगतो. टपाच्या मध्यावर चुंबकी बैठकीची अँटेना, पाच मीटर आरजी-५८ जातीची कोॲक्स केबल, मागच्या दरवाजाच्या रबरातून आत घेतलेली, आणि सीटखाली ५० वॉटचा सेट अशी जोडणी होती. तिसऱ्या वर्षी बिघाड सुरू होताच मी सेटच्या अँटेना-सॉकेटपाशी मीटर लावला, तर एसडब्ल्यूआर १.२ आला. अँटेनेकडून किती शक्ती परत फिरते, ते हा आकडा सांगतो; तो १ च्या जितका जवळ, तितके परावर्तन कमी. एरवी हा आकडा पाहून कोणीही समाधानाने मीटर गुंडाळून ठेवला असता, आणि आधीच्या वर्षी मीही तेच केले होते. या वेळी मात्र अँटेनेची दांडी बैठकीवरून फिरवून काढली आणि तशीच पुन्हा मोजणी केली. टपावर अँटेनाच नसताना मीटरने दाखवले १.७.

हे कसे घडते, ते नीट समजून घेतले की हा दोष पुन्हा फसवू शकत नाही. केबलच्या टोकाला अँटेना नसेल, तर पाठवलेली सगळी शक्ती परत फिरायला हवी. ती परत फिरतेही, पण जाताना आणि येताना अशी दोनदा तिला केबलमधून जावे लागते. केबल एका फेरीत ६ डेसिबल खात असेल, तर परतीपर्यंत १२ डेसिबल जिरतात. मीटरपाशी नाममात्र परावर्तन पोचते आणि आकडा चांगला दिसतो. थोडक्यात, माझी केबल हळूहळू डमी लोड, म्हणजे शक्ती नुसती जिरवणारा भार, होत चालली होती. डमी लोडचा एसडब्ल्यूआर उत्तमच असतो, फक्त त्यातून काही बाहेर पडत नाही. ६ डेसिबलचा अर्थ असा की सेटमधून निघालेल्या ५० वॉटपैकी टपापर्यंत साडेबारा पोचत होते आणि बाकीची शक्ती केबल तापवत होती.

तीच पाच मीटर आरजी-५८ केबल कोरडी आणि निरोगी असेल, तर १४५ मेगाहर्ट्झला तिच्यात साधारण १ डेसिबल जातो. अशा केबलचे टोक उघडे ठेवून मोजले, तर एसडब्ल्यूआर ८ ते ९ च्या घरात यायला हवा. म्हणजे दांडी काढल्यावर आकडा जितका वाईट, तितकी केबल चांगली. ही चाचणी नॅनोव्हीएनएसारख्या विश्लेषकाने करणे सर्वांत बरे, कारण त्यात सेट चालू करावा लागत नाही; मात्र विश्लेषक जोडलेला असताना त्याच केबलवर सेटची शक्ती चुकूनही सोडू नये, उपकरण तत्क्षणी जाते. विश्लेषक नसेल, तर सेट सर्वांत कमी शक्तीवर ठेवून, मोकळी वारंवारता पाहून, दोन सेकंदांपुरते बोलण्याचे बटण दाबून मीटर वाचावा. मीटर व्हीएचएफचाच हवा. २७ मेगाहर्ट्झच्या सीबी (सिटिझन बँड) सेटसाठी बनवलेला मीटर १४५ ला जे दाखवतो, त्याला काही अर्थ नसतो.

पाणी शिरले कोठून, हे पाहण्यासाठी मी सीटखालचा पीएल-२५९ प्लग फिरवून काढला, तेव्हा त्याच्या कडेतून हिरवट पाण्याचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर आला. सेट गाडीच्या आत, कोरड्या जागी, आणि पाणी तिथवर पोचलेले. प्लगमागची केबल वीतभर कापली, तर आतली तांब्याची जाळी चमकदार लाल असायच्या ऐवजी काळी पडलेली होती आणि बोटांनी चोळली की तिची भुकटी होत होती. दुसरे टोक उघडल्यावर वाट सापडली. चुंबकी बैठकीत केबल जिथे शिरते, तिथल्या रबरी बुचाला उन्हाने केसासारखी भेग गेली होती. कंदिलाच्या वातीतून तेल चढावे, तसे पाणी जाळीच्या बारीक तारांमधून केबलभर पसरले. ऑक्टोबरात ते सुकत होते म्हणून सेट ‘सुधारत’ होता, पण जाळीवर चढलेला गंज तसाच राहत होता. म्हणूनच दर वर्षी बिघाड आदल्या वर्षीपेक्षा थोडा लवकर आणि थोडा जास्त होत होता.

भिजलेली केबल वाळवून वापरू नये. गंज दिसत नाही तोपर्यंत कापत जाऊन उरलेली केबल वापरण्याचा मोह होतो, मीही तो प्रयत्न केला, पण काळेपणा संपतच नव्हता. पाच मीटर नवी केबल घेणे हाच स्वस्त मार्ग आहे. प्लग बसवताना मधली पिन आणि जाळी दोन्ही कथिलाने नीट डाखून घ्याव्यात. नुसत्या दाबून बसवलेल्या जाळीचा संपर्क गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो. पीएल-२५९ हा जोड मुळात जलरोधक नाही, म्हणून गाडीबाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर साधी पीव्हीसी टेप घ्यावी. एकटी पीव्हीसी टेप पहिल्या उन्हाळ्यातच सुटते. केबल आत घेण्याआधी तिला बाहेरच खालच्या बाजूला एक झोळ द्यावा, म्हणजे बाहेरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, दरवाजाच्या रबराकडे वळत नाही. कोकणपट्टीत गाडी असेल, तर खाऱ्या हवेमुळे ही काळजी पावसाळ्यापुरती न ठेवता बारमाही घ्यावी लागते.

केबल कोरडी निघाली आणि बिघाड येत-जात असेल, तर ती कुठे चेपली आहे का ते पाहावे. दरवाजा दर वेळी आपटताना केबलचा तोच बिंदू दाबला जातो आणि आतला मधला तार हळूहळू जाळीकडे सरकतो. एकाने कमी शक्तीवर सेट धरून मीटरकडे पाहावे आणि दुसऱ्याने केबल टोकापासून टोकापर्यंत हलवत जावे. काटा जिथे उडेल, तिथे दोष. मल्टिमीटरने मधला तार आणि जाळी यांच्यात शॉर्ट दिसला, तर लगेच घाबरू नये. बऱ्याच अँटेनांच्या बैठकीत जुळणीचे वेटोळे असते आणि त्यामुळे डीसी मोजणीत शॉर्ट दिसणे हे त्यांचे स्वाभाविक लक्षण असते. दांडीसह बैठक वेगळी काढूनच केबल तपासावी.

बटण दाबले की सेट बंद

दुसरा नेहमीचा प्रकार एका मित्राच्या गाडीतला आहे. दिवसा सगळे ठीक आणि रात्री पावसात, हेडलाइट, वायपर व एसी एकत्र चालू असताना बटण दाबले की सेट बंद होऊन पुन्हा चालू होई. त्याने सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चालवला होता. ५० वॉटचा सेट बोलताना साधारण १० ते १२ अँपियर ओढतो. सॉकेटचा फ्यूज आणि त्यातला स्प्रिंगचा संपर्क फोन चार्ज करण्याइतक्या कामासाठी असतो, इतका प्रवाह सतत देण्यासाठी नव्हे. सेटच्या प्लगपाशी मोजले, तेव्हा गाडी सुरू असताना १३.९ व्होल्ट होते आणि बटण दाबताच ते ११.५ वर आले. बहुतेक मोबाइल सेट १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खाली-वर चालतात, म्हणजे खालची मर्यादा ११.७ व्होल्ट. तिच्या खाली गेला की सेट शक्ती तरी घटवतो, नाहीतर स्वतःला बंद करतो.

मोजणी बटण दाबलेले असतानाच करायची, हे येथे आवर्जून सांगतो, कारण वायरिंगवाले नुसते चालू सेटवर १३.९ पाहून ‘सप्लाय बरोबर आहे’ म्हणतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम असतो. बॅटरी सेटपासून चार मीटर दूर असेल, तर जाण्या-येण्याचे आठ मीटर होतात आणि ११ अँपियरला दीड व्होल्टपेक्षा जास्त तारेतच जातात. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली, तर तूट ०.४ व्होल्टच्या आसपास येते. म्हणून धन तार थेट बॅटरीपासून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच लावावा, म्हणजे बोनेटमध्ये तार कुठे घासून उघडी पडली तरी आग लागणार नाही. तारेच्या टोकाचे थिंबल नुसते पक्कडीने चेपू नये, योग्य साच्याने दाबावे, आणि बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढला असेल तर तो आधी साफ करावा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक बसवलेला असतो. तिथे ऋण तार टोकाला न जोडता बॅटरीची अर्थिंग पट्टी जिथे बॉडीला मिळते तिथे जोडावी, नाहीतर त्या संवेदकाचे मोजमाप चुकते आणि चार्जिंगचे गणित बिघडते.

अँटेनेची जागा आणि निवड

१४५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर असते, आणि चतुर्थांश लहरीची दांडी ४९ सेंटिमीटरच्या आसपास कापली जाते. ही दांडी म्हणजे अर्धीच अँटेना असते. उरलेला अर्धा भाग तिच्याखालचा पत्रा असतो. सर्व बाजूंनी निदान अर्धा मीटर पत्रा मिळेल अशी गाडीतली जागा म्हणजे टपाचा मध्य. बंपरवर किंवा बोनेटच्या कडेला बसवलेल्या अँटेनेचा सिग्नल गाडीच्या एका बाजूला चांगला आणि दुसऱ्या बाजूला दुबळा जातो. मग ‘या वळणावर लागतो, पुढच्या वळणावर लागत नाही’ हे कोडे सेटमध्ये शोधले जाते. टपाला काचेचे सनरूफ असेल, तर त्या जागेला पत्रा समजू नये. टप प्लॅस्टिकचा असेल किंवा अँटेना लोखंडी कॅरिअरच्या नळीवर लावायची असेल, तर पत्र्याची गरज नसलेली अर्ध्या लहरीची अँटेना घ्यावी.

जास्त गेनच्या (सिग्नल एका दिशेने एकवटण्याच्या) मागे लागून सह्याद्रीत लांब दांडी घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. सव्वा मीटरच्या आसपासची पाच-अष्टमांश लहरीची अँटेना आपली शक्ती क्षितिजाकडे दाबते, आणि सोलापूर-लातूरच्या सपाट मुलखात तिचा खरोखर उपयोग होतो. घाटाच्या पायथ्याशी असताना मात्र रिपीटर डोक्यावरच्या डोंगरावर असतो, आणि अशा वेळी साधी चतुर्थांश लहरीची दांडी अनेकदा सरस ठरते. शिवाय ती फांद्यांना अडकत नाही आणि वाऱ्याने तिरपी होत नाही. खोक्यावरचे गेनचे आकडे वाचताना एककही पाहावे, कारण डीबीआयमधला (सर्व दिशांना सारखी पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनेशी तुलना) आकडा डीबीडीमधल्या (साध्या अर्ध्या लहरीच्या डायपोलशी तुलना) आकड्यापेक्षा २.१५ ने फुगलेला असतो.

अंतराची अपेक्षाही वास्तव ठेवावी. जमिनीपासून दोन मीटर उंचीच्या अँटेनेचे रेडिओ-क्षितिज सपाट प्रदेशात सहा किलोमीटरच्याही आतच येते. दोन गाड्या एकमेकींशी थेट बोलत असतील, तर मोकळ्या मैदानात अकरा-बारा किलोमीटर म्हणजे भरपूर झाले. मध्ये डोंगराची सोंड आली, तर १० वॉटचे ५० केले तरी फारसा फरक पडत नाही. उंची मात्र सगळे बदलते. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभारला गेला, त्यामागेही हेच गणित आहे.

चुंबकी बैठक पहिल्या वर्षासाठी चांगली, कारण जागा बदलून पाहता येते. तिच्याखाली लोहकण आणि चिखल साचून रंग घासला जातो व पत्र्याशी जुळणी बिघडते, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला ती उचलून पुसावी. कायमची जोडणी करायची असेल, तर टपाला छिद्र पाडून एनएमओ बैठक (पत्र्यात पक्की बसणारी) बसवण्यासारखे दुसरे काही नाही. नीट बसवलेली रबरी कडी असेल तर तिच्यातून पाणी गळत नाही. केबल टपाच्या आतून नेताना खांबांमधल्या पडदा-एअरबॅगच्या पुढून ती कधीही नेऊ नये, आणि सेटचे दर्शनी पॅनेलही एअरबॅगच्या उघडण्याच्या वाटेत बसवू नये. ही गोष्ट जिवाशी येऊ शकते.

दोन बँडची अँटेना घेतली, तर ४३५ मेगाहर्ट्झला त्याच पाच मीटर आरजी-५८ मध्ये जवळपास २ डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त शक्ती जाते, हे लक्षात ठेवून केबल कमी तुटीची घ्यावी आणि गरजेपुरतीच लांब ठेवावी. उरलेली केबल वेटोळे करून सीटखाली कोंबण्यापेक्षा कापलेली बरी.

सेटबद्दल थोडेच सांगायचे आहे. बँड लागतात तेवढेच घ्यावेत आणि वेगळे करता येणारे दर्शनी पॅनेल असले तर गाडीत जागा सोपी होते. ज्यांच्याकडे ५ वॉटची हँडी (हातात धरायचा सेट) आहे, त्यांनी आधी तीच टपावरच्या अँटेनेला जोडून पाहावी. गाडीच्या पत्र्याच्या पेटीतून बाहेर पडल्यावर ती किती चालते, याचे बहुतेकांना आश्चर्य वाटते. मात्र अगदी स्वस्त हँडींचा सिग्नल पकडणारा भाग बाहेरच्या अँटेनेवर शहरातल्या जोरदार सिग्नलांनी गुदमरतो आणि क्षीण स्टेशने हरवतात. तिथे मोबाइल सेटच हवा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ आवाजात येत असेल, तर ती अल्टरनेटरची असते आणि थेट बॅटरीजोडणीने बहुधा जाते. वेगाशी संबंध नसलेली खरखर असेल, तर यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि नंतर लावलेले एलईडी दिवे एकेक करून काढून पाहावेत.

परवान्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. दोन मीटरच्या हौशी बँडवर, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, बोलण्यासाठी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना लागतो. सहलीच्या ताफ्यांत ५० वॉटचे सेट परवान्याविना सर्रास वाजतात, आणि हौशी बँडचा सेट बाहेरच्या वारंवारतेवर उघडून वापरला, तर तो पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका यांच्या संभाषणावर जाऊन बसू शकतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली असताना मोबाइलचे जाळे कोलमडले होते. अशा दिवशी व्हीएचएफ मोकळे असणे ही कोणाच्या तरी सुटकेची बाब असते. परीक्षा द्यायची नसेल, तर २७ मेगाहर्ट्झच्या सीबी बँडमध्ये ५ वॉटपर्यंतच्या मान्यताप्राप्त सेटला परवाना लागत नाही. ताफ्यातल्या गाड्यांमधल्या बोलण्यासाठी तो पर्याय आधी पाहावा.

माझ्या जीपमध्ये आता टपाच्या मध्यावर एनएमओ बैठक, चतुर्थांश दांडी आणि साडेतीन मीटर नवी केबल आहे. सनव्हायझरच्या मागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर मे महिन्यात कोरड्या हवेत घेतलेले तीन आकडे लिहिले आहेत: दांडी लावून एसडब्ल्यूआर १.३, दांडी काढून ११, आणि बटण दाबलेले असताना सेटच्या प्लगपाशी १३.४ व्होल्ट. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि मग दर पंधरा दिवसांनी तेच तीन आकडे पुन्हा घेतो. यंदा ऑगस्टअखेर मधला आकडा अकरावरून साडेदहावर आला आहे. या रविवारी बैठकीखालचा जोड उघडून पाहणार आहे.